बडोदेकर, कुर्डीकर आणि पिंक फ्लॉइड : गाण्यातली नावे आली कुठून?



आपल्या वसाहतीतली मुले हल्ली संध्याकाळी जे टी-शर्ट घालून फिरतात, त्यांवर ‘पिंक फ्लॉइड’ आणि ‘रोलिंग स्टोन्स’ ही नावे बरेचदा दिसतात. ही रॉक संगीताच्या वाद्यवृंदांची नावे आहेत एवढे मुलांना ठाऊक असते. पण पिंक कोण आणि फ्लॉइड कोण, असे विचारले तर बहुतेक जण मोबाईल काढतात. आता आपण वडीलधाऱ्यांनी हसायचे कारण नाही. ‘हिराबाई बडोदेकर’ हे नाव आपण सगळे आदराने घेतो, बडोद्याचे म्हणून अभिमानानेही घेतो. पण मिरजेत जन्मलेल्या हिराबाई ‘बडोदेकर’ कशा झाल्या, असे कोणी विचारले तर आपल्यातही किती जणांना सांगता येईल?

बँकेत पस्तीस वर्षे काढल्यामुळे नाव दिसले की ‘खातेदाराची ओळख’ विचारण्याची सवय लागली आहे. त्याच सवयीने गाण्यातल्या काही नावांची चौकशी केली, ती इथे मांडतो. आधी परदेशातली नावे पाहू, मग घरची.

ब्लूज म्हणजे काय?

अमेरिकेच्या दक्षिण भागात, विशेषतः मिसिसिपी राज्यातल्या कापसाच्या प्रदेशात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांमध्ये जे गाणे तयार झाले, त्याला ‘ब्लूज’ म्हणतात. गुलामगिरी कायद्याने १८६५ मध्ये संपली होती. पण जमीन मालकाची, कष्ट आपले आणि हंगामाच्या शेवटी हिशेब मालकाच्या वहीत, अशी बटाईची पद्धत चालूच होती. त्या जगण्यातली दुःखे, प्रवास, प्रेम, तुरुंग, पूर असे सगळे या गाण्यांत येते. रचना साधी असते : एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीने तिला उत्तर द्यायचे. आपल्याकडे जात्यावर बसलेल्या बायका ओव्या म्हणत. कष्टाबरोबर मनातले बाहेर काढणे, हा धागा दोन्हीकडे सारखा आहे.

१९२० मध्ये मेमी स्मिथ या गायिकेची ‘क्रेझी ब्लूज’ ही तबकडी निघाली आणि भरपूर खपली. त्यानंतर कंपन्यांना या गाण्यात बाजार दिसला. १९२० ते १९४० च्या दरम्यान शेकडो गायकांच्या तबकड्या निघाल्या. बऱ्याच जणांना त्या दिवसाचे ठोक पैसे मिळाले आणि ते पुन्हा शेतावर किंवा रस्त्यावर गाण्याला परतले.

चार वाद्यवृंद, चार नावे

१९६० नंतर इंग्लंड-अमेरिकेतली तरुण मुले याच जुन्या तबकड्या शोधून ऐकू लागली. स्वतःचे वाद्यवृंद काढले तेव्हा त्यांनी नावेही तिथूनच घेतली.

पहिले नाव रोलिंग स्टोन्स. मॅकिन्ली मॉर्गनफील्ड नावाचा मिसिसिपीतला मुलगा लहानपणी चिखलात खेळायचा, म्हणून आजीने त्याला ‘मडी’ म्हणजे चिखल्या म्हणायला सुरुवात केली. पुढे त्याला ‘वॉटर्स’ जोडले गेले आणि तो मडी वॉटर्स झाला. तो १९४३ मध्ये शिकागोला गेला आणि गावाकडचे गाणे त्याने विजेच्या गिटारवर आणले. १९५० मध्ये त्याची ‘रोलिन स्टोन’ ही तबकडी निघाली. १९६२ मध्ये लंडनच्या ब्रायन जोन्सला फोनवर कार्यक्रमाची जाहिरात देताना ‘तुमच्या वाद्यवृंदाचे नाव काय?’ असे विचारले गेले. नाव ठरलेलेच नव्हते. जमिनीवर मडी वॉटर्सची तबकडी पडली होती, तिच्यावरचे गाणे वाचून त्याने नाव सांगून टाकले. ही हकीकत त्याच वाद्यवृंदाचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स याने सांगितलेली आहे. १२ जुलै १९६२ रोजी लंडनच्या मार्की क्लबमध्ये या नावाने पहिला कार्यक्रम झाला.

दुसरे नाव पिंक फ्लॉइड. पिंक अँडरसन हा साउथ कॅरोलायनाचा गायक. गावोगाव फिरून औषधे विकणाऱ्या गाडीबरोबर तो अनेक वर्षे फिरला. गाण्याने गर्दी जमवायची आणि मग वैदूने बाटल्या विकायच्या, असा तो धंदा होता. फ्लॉइड काउन्सिल हा शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनाचा गिटारवादक. हे दोघे जोडीने गात नव्हते. दुसऱ्याच एका गायकाच्या तबकडीच्या वेष्टनावर जो माहितीचा मजकूर होता, त्यात या दोघांची नावे आली होती. लंडनच्या सिड बॅरेटने ती वाचली होती. १९६५ मध्ये एका कार्यक्रमाला गेल्यावर कळले, की ‘टी सेट’ हे आपले नाव दुसऱ्याही एका पथकाने घेतले आहे. तेव्हा त्याने ही दोन नावे जोडून दिली. म्हणजे रामभाऊ आणि गणपतराव या एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन गृहस्थांवरून ‘राम गणपत’ असे मंडळाचे नाव ठेवण्यासारखेच हे झाले.

तिसरे नाव कॅन्ड हीट. टॉमी जॉन्सन या गायकाचे १९२८ मधले ‘कॅन्ड हीट ब्लूज’ हे गाणे. कॅन्ड हीट म्हणजे डब्यात मिळणारे, स्वयंपाकाच्या शेगडीत जाळायचे मद्यार्काचे घट्ट इंधन. दारूबंदीच्या काळात गोरगरीब तेच गाळून पीत आणि आजारी पडत. गुजरातेत राहणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या मुलांनी आपल्या वाद्यवृंदाला हे नाव दिले.

चौथे नाव लव्हिन स्पूनफुल. हे शब्द मिसिसिपी जॉन हर्ट या गायकाच्या ‘कॉफी ब्लूज’ या गाण्यातले. या हर्टची गोष्ट पुढे येणार आहे, म्हणून त्याचे नाव लक्षात ठेवा.

आता आपले बडोदे

नंदेसरीहून निघाले की तासाभराच्या आत सूरसागर तलावाशी पोहोचता येते. तिथली संगीताची जुनी संस्था, म्हणजे आजच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी, आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ मध्ये उस्ताद मौलाबक्ष यांनी सुरू केलेल्या गायनशाळेपर्यंत तिचा इतिहास जातो. अशा या दरबारात १८९० नंतरच्या दशकात अब्दुल करीम खाँ नावाचे तरुण गायक आले. ते उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचे. याच गावावरून त्यांच्या गायकीला ‘किराणा घराणे’ म्हणतात. वाण्याच्या किराणा दुकानाशी त्याचा काही संबंध नाही, हे नव्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.

राजघराण्याच्या नात्यातले सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई या खाँसाहेबांकडे गाणे शिकत होत्या. दोघांनी लग्न करायचे ठरवले. सरदाराची मुलगी आणि मुसलमान गवई! त्या काळी हे घरच्यांना आणि दरबाराला रुचणे शक्यच नव्हते. दोघे बडोदे सोडून मुंबईला गेले आणि पुढे मिरज भागात स्थिरावले. त्यांना पाच मुले झाली. घरातली पहिली नावे होती अब्दुल रहमान, चंपाकली, गुलाब, कृष्णा आणि सकीना.

पुढे ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. एका बाईने पाच मुलांसह वेगळे राहायचे म्हणजे त्या काळात प्रश्नच प्रश्न. शाळेत, जाहिरातीत, नाटकाच्या हस्तपत्रिकेत मुलांचे नाव काय लिहायचे, हा त्यातलाच एक. त्यांनी नवी नावे दिली. अब्दुल रहमान झाले सुरेशबाबू माने. चंपाकली झाल्या हिराबाई बडोदेकर. गुलाब झाल्या कमलाबाई बडोदेकर. कृष्णा झाले कृष्णराव माने. सकीना झाल्या सरस्वती, लग्नानंतरच्या सरस्वतीबाई राणे.

या नावांकडे नीट पाहा. मुलग्यांना आईचे माहेरचे आडनाव मिळाले, दोन मुलींना आईच्या माहेरचे गाव मिळाले. ज्या गावातून ताराबाईंना निघावे लागले, त्याच गावाचे नाव त्यांच्या लेकीने गाण्याच्या प्रत्येक जलशात मिरवले. हिराबाईंचा जन्म १९०५ चा, मिरजेचा, संसार आणि कारकीर्द मुंबई-पुण्याकडची, गायकी कैरान्याची, आणि आडनाव बडोद्याचे. स्त्री-कलाकारांनी सभागृहात, तिकीट लावून, प्रतिष्ठेने जाहीर मैफल करावी, ही वाट ज्यांनी रुंद केली त्यांत हिराबाई आघाडीवर होत्या. १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, १९८९ मध्ये त्या गेल्या. सुरेशबाबू १९५३ मध्ये गेले. पण सुरेशबाबू आणि हिराबाई या दोघांकडे शिकलेल्या प्रभा अत्रे यांच्यामुळे ते गाणे अगदी अलीकडेपर्यंत आपल्या कानांवर होते.

खाँसाहेब १९३७ मध्ये मद्रासकडून पाँडिचेरीला जात असताना वाटेतल्या रेल्वे स्टेशनवर वारले. त्यांना मिरजेत दफन केले. त्यांचे नाव एकाही मुलाच्या नावापुढे राहिले नाही. पण पाचही मुलांच्या गळ्यांत आला तो मात्र किराणा घराण्याचाच सूर. नावाचा वारसा आईकडून आणि गाण्याचा बापाकडून, अशी ही वाटणी झाली.

गावाचे नाव का?

मराठी आणि कोकणी मुलुखात ‘कर’ लावून आडनाव करायची पद्धत जुनी आहे. पण गाणाऱ्या बायकांच्या बाबतीत तिच्यामागे आणखी एक कारण होते. गोव्यातल्या देवळांशी बांधलेल्या कलावंत कुटुंबांत बापाचे आडनाव मुलांना मिळत नसे. मग बाहेर पडून नाव कमावताना गाव हेच आडनाव झाले. केरी गावच्या केसरबाई केरकर. कुर्डी गावच्या मोगूबाई कुर्डीकर, म्हणजे किशोरी आमोणकरांच्या मातोश्री. मंगेशीच्या देवळाच्या छायेत वाढलेल्या दीनानाथांनीही ‘मंगेशकर’ हे नाव घेतले आणि पुढच्या पिढीने ते कुठे नेऊन ठेवले ते सांगायला नको.

यातल्या दोन नावांचा पुढचा प्रवास ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेने १९७७ मध्ये सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरचे निवडक आवाज असलेली सोनेरी तबकडी आहे. त्यात भारतातर्फे केसरबाईंचे गाणे आहे आणि ब्लूजतर्फे ब्लाइंड विली जॉन्सन या अंध गायकाची एक रचना आहे. केरीच्या केसरबाई आणि टेक्ससचा विली, दोघे एकाच तबकडीवर सूर्यमालेच्या बाहेर निघाले आहेत. आणि मोगूबाईंचे कुर्डी? ते गाव साळावली धरणाच्या पाण्यात गेले. दरवर्षी उन्हाळ्यात पाणी उतरले की घरांची जोती आणि देऊळ वर येते आणि जुने गावकरी तिथे जमतात. बाकी वर्षभर कुर्डी पाण्याखाली असते. आडनावात मात्र ते बारा महिने वर आहे.

ब्लूजच्या गायकांकडे पाहिले तर हाच प्रश्न दुसऱ्या रूपात दिसतो. त्यांच्या पूर्वजांची आडनावे बरेचदा गुलामांच्या मालकांकडून आलेली होती. ‘मडी वॉटर्स’ किंवा ‘हाउलिन वुल्फ’ ही नावे आजीने, मित्रांनी, लोकांनी दिलेली. म्हणजे आपल्या माणसांकडून मिळालेली. कागदावरचे नाव कोणाचे का असेना, लोक ज्या नावाने बोलावतात ते आपले.

पदवीचे नाव होते तेव्हा

आपल्याकडचा दुसरा प्रकार म्हणजे पदवी. नारायण श्रीपाद राजहंस या लहान मुलाचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला ‘बालगंधर्व’ म्हटले. १९१३ मध्ये किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून त्यांनी भागीदारांसह नवी नाटक कंपनी काढली, तिचे नाव ‘गंधर्व नाटक मंडळी’. म्हणजे गायकाच्या नावावरून मंडळीचे नाव. रॉकवाल्यांच्या आधी पन्नास वर्षे.

नाव चालते आहे म्हटल्यावर त्याच्या शाखा निघाल्या. रामभाऊ कुंदगोळकर झाले सवाई गंधर्व. सवाई म्हणजे सव्वा पट; जुने सावकार धान्य उसने देऊन ज्या दराने परत घेत, तीच ही सवाई, बँकेच्या भाषेत पंचवीस टक्के वरचढ. सौदागर गोरे झाले छोटा गंधर्व. शिवपुत्र कोमकली झाले कुमार गंधर्व. यांतले सवाई गंधर्व हे अब्दुल करीम खाँचे शिष्य आणि भीमसेन जोशींचे गुरू. १९५३ पासून पुण्यात त्यांच्या नावाने महोत्सव होतो. आज ‘यंदा सवाईला जाणार का?’ असे विचारणाऱ्या पुष्कळांना सवाई ही एका माणसाची पदवी होती हे लक्षातही येत नाही. पिंक अँडरसनचे जे झाले, तेच थोडे इथेही झाले आहे.

लेबलवरचे नाव

तिसरा नाव देणारा म्हणजे तबकडीची कंपनी. सवाई गंधर्वांच्या शिष्या गंगूबाई हनगल यांच्या १९३० नंतरच्या सुरुवातीच्या तबकड्या ‘गांधारी हुबळी’ या नावाने निघाल्या. गाव पुढे बदलले, हुबळीचे हनगल झाले. पण नावात गाव राहिलेच. तिकडे १९२८ मध्ये ओके नावाच्या कंपनीने जॉन हर्टच्या नावाआधी ‘मिसिसिपी’ चिकटवले, खप वाढावा म्हणून.

खप काही वाढला नाही. हर्ट अॅव्हलॉन नावाच्या आपल्या खेड्यात परतला आणि पस्तीस वर्षे शेतमजुरी करत राहिला. त्याच्या एका गाण्यात त्या खेड्याचे नाव होते. १९६३ मध्ये ते गाणे ऐकून आणि जुना नकाशा पाहून टॉम हॉस्किन्स हा तरुण चाहता थेट त्या गावी पोहोचला. हर्ट तिथेच होता, बोटांतले कौशल्यही शाबूत होते. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो हजारो लोकांपुढे गायला. १९६६ मध्ये तो वारला, पण शेवटची तीन वर्षे त्याला मानाची मिळाली. गाण्यात गावाचे नाव नसते तर हा माणूस कोणाला सापडलाच नसता.

नाव एकाचे, जमा दुसऱ्याच्या खाती

सगळ्यांचे असे झाले नाही. पिंक अँडरसन १९७४ मध्ये आणि फ्लॉइड काउन्सिल १९७६ मध्ये वारले. ‘पिंक फ्लॉइड’ची सर्वांत गाजलेली तबकडी १९७३ ची, म्हणजे दोघेही तेव्हा हयात होते. पण नाव आणि लहान शीर्षक यांवर कॉपीराइट नसतो, त्यामुळे नाव वापरल्याबद्दल काही देणे लागत नाही. रचनेचे तसे नाही. विली डिक्सन या ब्लूज रचनाकाराने १९८५ मध्ये ‘लेड झेपेलिन’ या बड्या वाद्यवृंदावर दावा लावला, की तुमच्या गाण्यात माझी रचना आहे. १९८७ मध्ये तडजोड झाली आणि पुढे त्याचे नाव रचनाकारांत लागले. वृद्ध कलाकारांना त्यांचे हक्काचे पैसे मिळावेत म्हणून त्याने ‘ब्लूज हेवन फाउंडेशन’ ही संस्थाही काढली.

आणि नाव घेणाऱ्यांनी ऋण मानल्याचेही उदाहरण आहे. १९६५ मध्ये अमेरिकन दूरदर्शनच्या एका लोकप्रिय कार्यक्रमात रोलिंग स्टोन्सला बोलावले, तेव्हा त्यांनी हाउलिन वुल्फलाही बोलवायचा आग्रह धरला. तो गात असताना ही गोरी पोरे त्याच्या पायाशी बसून ऐकत होती. दूरदर्शनच्या देशभरच्या प्रेक्षकांनी हे पाहिले.

आपण काय करायचे?

नंदेसरीला आपण बहुतेक जण कारखान्यांच्या निमित्ताने आलो. कोणी खानदेशातून, कोणी कोकणातून, काही घरे बडोद्याचीच पिढीजात. मुलांना गाव आडनावापुरते ठाऊक आहे. गेल्या गणेशोत्सवात एका सातवीतल्या मुलीला ‘चिपळूणकर म्हणजे कुठले?’ असे विचारले, तर ‘मकरपुऱ्याचे’ असे उत्तर आले. उत्तर चुकले असे मी म्हणणार नाही, हिराबाईंच्या हिशेबाने बरोबरच आहे! पण मागचे पान कोणी दाखवले नाही तर ते कायमचे मिटेल.

म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवतो. एक : मंडळाच्या कार्यक्रमात गाणे म्हणताना गायक-कवी-संगीतकार यांची मूळ नावे निवेदकाने सांगावीत, त्याला प्रत्येकी दहा सेकंद लागतात. दोन : घरात आजी-आजोबांचे जुने फोटो असतील त्यांच्या मागे पूर्ण नाव, माहेरचे नाव आणि गाव पेन्सिलीने लिहून ठेवावे. विशेषतः बायकांची माहेरची नावे, कारण तीच आधी पुसली जातात. तीन : आपल्यापैकी कोणाच्या घरी बडोद्याच्या गायनशाळेत शिकलेले कोणी असेल, तर त्यांची आठवण आणि शक्य तर प्रमाणपत्राचा किंवा वहीचा फोटो मंडळाकडे द्यावा. अशा चार-पाच आठवणी जमल्या तर पुढच्या लेखात एकत्र देता येतील.

आणि घरात ‘पिंक फ्लॉइड’चा टी-शर्ट असलेले कोणी असेल, तर त्याला एकदा पिंक अँडरसन ऐकवा, आणि त्यानंतर सुरेशबाबू माने. दोन्ही मोबाईलवर मिळतात.